बर्फ बोलत नाही

या घटनाक्रमात घड्याळ एकच आहे, किडन्या मात्र अनेक. बॉस्टनची एक, खेरसनची एक, सॅन फ्रान्सिस्कोची एक. शिवाय आज-उद्या सोलापूर-पुणे रस्त्यावर डब्यातून धावेल अशी एखादी. प्रत्येकीने हे घड्याळ कुठल्या ना कुठल्या तासाला थांबवून पाहिलं. म्हणून इथे साल मागेपुढे होतील, तास मात्र पुढेच सरकतील.

उणे सहा तास

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या बुबुळावरून कापसाचा बोळा फिरवला, पापणी हलली नाही. कानात बर्फाचं पाणी सोडलं, डोळे वळले नाहीत. व्हेंटिलेटरपासून सोडवून पाहिलं, छाती उचलली गेली नाही. भारताच्या १९९४ च्या कायद्यानुसार हे सगळं किमान सहा तासांनी पुन्हा करायचं, चार डॉक्टरांच्या मंडळाने सह्या करायच्या, आणि मगच मेंदू मृत झाला असं कागदावर येतं.

हे सहा तास नातेवाइकांसाठी कसे असतात ते लिहायला वेगळा लेख लागेल. किडनीचं मात्र इथेच बिनसू लागलेलं असतं. लघवी आवरून धरणारं संप्रेरक मेंदूच्या तळाशी तयार होतं. मेंदू गेला की अनेकदा ते थांबतं आणि लघवीचा पूर येतो, लिटरच्या लिटर. रक्तदाब घसरतो. भूलतज्ज्ञ सलाईन आणि औषधांनी तो सावरत बसतात. ज्या अवयवाला वाचवायचं आहे तोच शरीर कोरडं करत असतो.

शून्य

महाधमनीवर क्लॅम्प बसतो. घड्याळ इथून सुरू.

धमनीत घातलेल्या नळीतून थंडगार द्रव आत धावतो, पोटाच्या पोकळीत निर्जंतुक बर्फाचा चुरा ओतला जातो. तपकिरी-लाल किडनी बघता बघता राखाडी-पिवळट होते. रक्त धुऊन निघाल्याची ती खूण असते, म्हणून शल्यचिकित्सकाला हा फिका रंग हवा असतो. एखाद्या भागात लाल डाग राहिले तर तिथे द्रव पोचला नाही असं समजायचं. हे डाग पुढे छत्तिसाव्या तासाला पुन्हा भेटतील.

एवढ्याशा अवयवाला एवढी घाई का? दोन किडन्या मिळून जेमतेम तीनशे ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. मिनिटाला लिटरभर किंवा जास्तच. दिवसाला १८० लिटर पाणी गाळायचं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत खेचून घ्यायचं, असा हा उद्योग. गाळणं फुकटात होतं, हृदयाच्या दाबावर. परत खेचायला ऊर्जा लागते. किडनीच्या आतल्या गाभ्याला तर धडधाकट माणसातही ऑक्सिजन बेताचाच मिळतो. ज्याच्या घरी रोजच हातातोंडाची गाठ, त्याला एका दिवसाचा बंदही जड जातो.

तिसावं मिनिट

समजा, थंड द्रव घातलाच नाही. ३७ अंशांवर, रक्ताविना, किडनी तशीच पडून राहिली. पहिल्या काही मिनिटांतच पेशींची गंगाजळी संपते. प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर फेकणारे आणि पोटॅशियम आत घेणारे पंप असतात. ऊर्जा संपताच ते थांबतात. सोडियम आत शिरतं, मागोमाग पाणी. पेशी भिजत घातलेल्या हरभऱ्यासारख्या फुगत जातात. अर्ध्या तासात इजा ठळक होते, तासाभरानंतर ती भरून येईल याची खात्री उरत नाही.

तापमान दहा अंशांनी उतरलं की पेशींची भूक साधारण निम्मी होते. ३७ वरून ४ वर आणलं तर ती दहाव्या हिश्श्यावर येते. बर्फाची सगळी जादू या एका हिशोबात आहे, आणि मर्यादाही. भूक दहाव्या हिश्श्यावर आली, शून्यावर नाही. शिवाय थंडीत ते पंपही गोठल्यासारखे होतात. उपासमार थांबत नाही, लांबते.

एक तास बावीस मिनिटं: बॉस्टन, १९५४

२३ डिसेंबर. पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. एकसारखे जुळे भाऊ असल्याने शरीराने परकं म्हणून नाकारण्याचा प्रश्न नव्हता. शत्रू एकच होता, वेळ. एका भावाच्या पोटातून निघून दुसऱ्याच्या पोटात रक्त सुरू होईपर्यंत ती किडनी ८२ मिनिटं रक्ताविना होती. जतन करण्याचा कुठलाही खास द्रव तेव्हा उपलब्ध नव्हता.

क्लॅम्प काढला, किडनी गुलाबी झाली आणि लघवी इतकी आली की शस्त्रक्रियागृहाची फरशी पुसावी लागली. प्रत्यारोपणाच्या इतिहासातलं पहिलं मोठं यश असं फडक्याने टिपलं गेलं. मरे यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. या दोन्हींत मला फडक्याचं अप्रूप जास्त वाटतं, कारण पुढच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत सगळ्यांचे डोळे त्याच जागी लागलेले असतात.

सहावा तास: खेरसन, १९३३

बॉस्टनच्या एकवीस वर्षं आधी, युक्रेनमधल्या खेरसनला, युरी व्होरोनी या शल्यचिकित्सकाने माणसाची किडनी माणसाला बसवण्याचा पहिला प्रयत्न केला. रुग्ण २६ वर्षांची स्त्री, पाऱ्याचं विष घेतलेली, लघवी पूर्ण बंद. किडनी डोक्याला मार लागून मेलेल्या एका माणसाची. मृत्यूला सहा तास उलटून गेले होते.

हे सहा तास बर्फावरचे नव्हेत. व्होरोनींनी ती किडनी त्या बाईच्या मांडीच्या रक्तवाहिन्यांना जोडली. रक्तगटही जुळत नव्हता. सुरुवातीला थोडी लघवी आली म्हणतात. दोन दिवसांनी बाई गेली. आज आपल्याला हे अघोरी वाटेल. पण तिसाव्या मिनिटाचं गणित तेव्हा कुणी मांडलेलंच नव्हतं. ते मांडलं जाण्यासाठी अशा किडन्या खर्ची पडल्या. मुंबईच्या केईएममध्ये १९६५ साली मृत व्यक्तीची किडनी बसवण्याचा भारतातला पहिला प्रयत्न झाला, तोही रुग्णाला वाचवू शकला नाही. भारताला यश मिळालं ते १९७१ मध्ये वेल्लोरला, जिवंत दात्याच्या किडनीने.

सातवा ते चौदावा तास: रस्ता, फोन, क्रॉसमॅच

सोलापूरहून पुण्याकडे डबा निघालाय असं धरू. ही कुठल्या एका रात्रीची हकीकत नाही, पण अशा रात्री होतात. एक किडनी सहसा जिथे दाता होता त्याच रुग्णालयाला मिळते आणि दुसरी विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या यादीप्रमाणे जाते. महाराष्ट्रात अशा समित्या मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. म्हणजे एकाच देहातल्या दोन किडन्यांची घड्याळं इथून वेगळी होतात. घरची तिसऱ्या-चौथ्या तासात बसू शकते. बाहेरगावची निघते प्रवासाला: तीन पिशव्या एकात एक, पहिलीत द्रव आणि किडनी, मग डब्यातला बर्फ. किडनीला थेट बर्फ टेकू द्यायचा नाही. टेकला तर ती गोठते, आणि गोठली की वितळल्यावर तिचा उपयोग नाही.

वर्तमानपत्रात येतो तो ग्रीन कॉरिडॉर. पोलीस सिग्नल धरून ठेवतात, रुग्णवाहिका सुसाट जाते, दुसऱ्या दिवशी वाचलेल्या मिनिटांचा आकडा छापून येतो. हृदयासाठी तो आकडा जीवनमरणाचा असतो, त्याला चार-सहा तासच मिळतात. किडनीचे तास मात्र रस्त्यावर फारसे जात नाहीत. ते जातात कुणाचा फोन न लागण्यात. यादीतला पहिला माणूस तापाने फणफणलेला निघतो, दुसरा दीडशे किलोमीटरवरून एसटीने येणार असतो, तिसऱ्याचं पोटॅशियम वाढलेलं असतं म्हणून आधी डायलिसिस. ओटी रिकामी नसते. आणि क्रॉसमॅच.

क्रॉसमॅच म्हणजे दात्याच्या पांढऱ्या पेशी आणि रुग्णाचं सीरम एकत्र ठेवून पाहायचं, पेशी मरतात का. मेल्या तर ही किडनी या माणसाला नको, बसवल्यावर काही मिनिटांत-तासांत ती काळीनिळी पडेल. चाचणीला काही तास लागतात आणि ते टाळता येत नाहीत. तिचं महत्त्व पटवून दिलं पटेल आणि पॉल तेरासाकी यांनी, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून, १९६९ साली. तेरासाकी हे नाव आणि हे साल लक्षात ठेवा.

पंधरावा तास: नेदरलंड्स, बेल्जियम, जर्मनी

एकाच दात्याची एक किडनी डब्यात, दुसरी यंत्रावर, असं करून पाहिलं तर? युरोपातल्या या तीन देशांत नेमकं हेच केलं गेलं आणि २००९ साली निष्कर्ष छापून आले. ३३६ दाते, ६७२ रुग्ण. डावी की उजवी, कुठली यंत्रावर जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. बाहेर राहण्याचा काळ दोन्हीकडे साधारण पंधरा तास.

यंत्रही थंडच होतं. फरक एवढाच की डब्यात किडनी साचलेल्या पाण्यात पडून असते आणि इथे पंप तिच्यातून थंड द्रव हलक्या दाबाने फिरवत राहतो. बसवल्यानंतर पहिल्या आठवड्यात डायलिसिसची गरज लागली अशांचं प्रमाण डब्यातल्या गटात २६.५ टक्के, यंत्राच्या गटात २०.८. वर्षाअखेर टिकून असलेल्या किडन्या ९० टक्के आणि ९४. आकडे भव्य नाहीत. पण एकाच देहातून निघालेल्या दोघींची तुलना असल्यामुळे त्यात पळवाट नाही. २०२० मध्ये आणखी एक अशीच जोडीजोडीने केलेली चाचणी आली, हृदय थांबून मेलेल्या पन्नाशीपुढच्या दात्यांची. त्या थंड द्रवात नुसता ऑक्सिजन सोडला तर किडनी निकामी होण्याचं प्रमाण १० टक्क्यांवरून ३ वर आलं.

मग हे यंत्र आधी का वापरलं नाही? वापरलं होतं. २००९ च्या बेचाळीस वर्षं आधीपासून.

सतरावा तास: सॅन फ्रान्सिस्को, १९६८

फोल्केर्ट बेल्झर हा डच वंशाचा शल्यचिकित्सक. १९६७ मध्ये त्याने कुत्र्यांच्या किडन्या ७२ तास यंत्रावर टिकवून दाखवल्या होत्या. त्याची मेख फिरवायच्या द्रवात होती. तो रक्तद्रव वापरायचा, पण ताजा रक्तद्रव काही तासांत बारीक वाहिन्या तुंबवायचा. गोठवून, वितळवून, गाळून घेतलेला रक्तद्रव तुंबवत नव्हता, कारण तुंबवणारे चरबीचे कण गोठवताना वेगळे होऊन गाळणीत अडकायचे. तूप गाळणाऱ्या कुठल्याही बाईला हे पटकन कळेल.

१९६८ मध्ये माणसाची किडनी सतरा तास यंत्रावर ठेवून त्याने ती यशस्वीपणे बसवली. खेरसनचे सहा तास, बॉस्टनची ८२ मिनिटं आणि आता सतरा तास. रात्री काढलेली किडनी सकाळी, ताज्यातवान्या लोकांच्या हातून बसवता येणार होती. यंत्र अवजड होतं, खर्चिक होतं, सोबत माहीतगार माणूस लागायचा. तरी जिंकलं होतं. जेमतेम वर्षभर.

तिसावा तास: लॉस एंजेलिस, १९६९

आता ते नाव. तेरासाकींच्याच प्रयोगशाळेत जेफ्री कॉलिन्स काम करत होता. त्याने विचारलं, पंप थांबल्यावर पोटॅशियम बाहेर आणि सोडियम आत जातं, तर बाहेरचा द्रवच पेशीच्या आतल्यासारखा केला तर? भरपूर पोटॅशियम, कमी सोडियम. आत-बाहेर सारखंच, मग कोण कुठे जाईल? त्या द्रवाने एकदा धुऊन, नुसत्या बर्फात ठेवून, कुत्र्याच्या किडन्या तीस तास टिकल्या.

ज्या प्रयोगशाळेने क्रॉसमॅचच्या नावाने प्रत्येक किडनीकडून काही तास मागितले, तिनेच त्याच वर्षी ते तास चुकते केले. अशी प्रामाणिक देणी विज्ञानात फार दिसत नाहीत.

आणि यंत्र हरलं. बर्फाला वीज लागत नाही, माणूस लागत नाही, डबा विमानाच्या सीटवर बसवून पाठवता येतो. बेल्झर पुढे विस्कॉन्सिनला गेला आणि जेम्स साउदर्डबरोबर त्याने १९८० च्या दशकात डब्यातल्या अवयवांसाठीच त्या काळचा सर्वांत चांगला द्रव तयार केला. विद्यापीठाच्या नावाने तो आजही ओळखला जातो. पेशी फुगू नयेत म्हणून त्यात आत शिरू न शकणारे मोठे रेणू आहेत: दुधातल्या साखरेपासून केलेलं लॅक्टोबायोनेट, आणि रॅफिनोज, म्हणजे कडधान्यं आणि कोबी खाल्ल्यावर पोटात गुरगुर करणारी साखर. आपलं आतडं जिला फोडू शकत नाही ती किडनीची राखण करते. यंत्राचा माणूस शेवटी बर्फाच्या कामी आला. यंत्रं बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात गेली.

तीस तासांच्या कितीतरी पलीकडे जाऊ पाहणारेही आहेत. मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये उंदराची किडनी काचेसारखी गोठवून शंभर दिवसांपर्यंत ठेवली, लोहाच्या सूक्ष्म कणांच्या मदतीने सगळीकडून एकदम वितळवली आणि दुसऱ्या उंदराला बसवली, ती चालली. पण उंदराची किडनी शेंगदाण्याएवढी असते. माणसाची मुठीएवढी.

छत्तिसावा तास

बर्फावरची ही शेवटची मुदत मानली जाते. चोवीस तासांनंतरच बरेच जण कां-कूं करू लागतात. या घटकेला डब्यातली किडनी कशी दिसते? अगदी पहिल्या तासाला दिसत होती तशीच. फिकी, थंड, गप्प. आतल्या हजारो नलिका मेल्या असतील किंवा धडधाकट असतील, बाहेरून काही कळत नाही. बर्फाची खरी खोट ही आहे. तो किडनीला हळू मारतो हे समजून घेता येतं. पण किती मारलं ते सांगत नाही. सांगत नाही म्हणून शल्यचिकित्सक अंदाजाने वागतो, आणि घाबरलेला अंदाज नेहमी 'नको' म्हणतो. अमेरिकेत मृत दात्यांकडून काढलेल्या किडन्यांपैकी साधारण चारातली एक अशी टाकून दिली जाते.

इथे केंब्रिजमधल्या किडन्यांच्या एका जोडीची गोष्ट, २०१६ साली प्रसिद्ध झालेली. नाकारण्याचं कारण तास नव्हतं. ते शून्यावरचे डाग होते. धुताना द्रव सगळीकडे पोचलाच नव्हता, रक्त आत अडकून राहिलं होतं. ब्रिटनमधल्या सगळ्या केंद्रांनी दोन्ही किडन्या नाकारल्या. मायकेल निकल्सन आणि सारा हॉसगुड यांच्या गटाने त्या ऊबदार यंत्रावर घेतल्या: शरीराइतकं तापमान, लाल पेशी, ऑक्सिजन, एक तास. किडन्या गुलाबी होत गेल्या, डाग गेले, लघवी आली. दोन्ही दोन माणसांना बसवल्या आणि सुरुवातीपासून चालल्या. याच गटाने रंग, रक्तप्रवाह आणि लघवी पाहून एक ते पाच गुण देण्याची पद्धत बसवली. डब्यात मुकी असलेली किडनी यंत्रावर एका तासात आपली हकीकत सांगते.

इथेच थांबलो तर ते प्रचाराचं पत्रक होईल. हाच एक तास ब्रिटनमध्ये ३३८ किडन्यांच्या रीतसर चाचणीत तपासला, २०२३ मध्ये निकाल आला: बसवल्यानंतर डायलिसिस लागण्याचं प्रमाण ऊबदार यंत्राच्या गटात ६०.७ टक्के, नुसत्या बर्फाच्या गटात ५८.३. फरक नाही. यंत्र किडनीला बोलतं करतं, बरं करतंच असं नाही. आणि ऊब म्हणजे भूकही परत आली. बर्फाचा डबा विसरला तर तास जातात. ३७ अंशांवरचा पंप बंद पडला तर घड्याळ थेट त्या तिसाव्या मिनिटाच्या हिशोबावर येतं.

रक्त परत येतं

क्लॅम्प निघतो. इतके तास ज्याची वाट पाहिली तो ऑक्सिजन आत येतो, आणि घात इथे होतो.

उपासमारीच्या तासांत पेशींमध्ये सक्सिनेट नावाचा एक अर्धवट जळलेला पदार्थ साठत जातो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं, की रक्त परत येताच हा साठा काही मिनिटांत भडकून जळतो आणि पेशीतली वीजघरं उलट्या दिशेने चालू लागतात. त्यातून निघणारे ऑक्सिजनचे जहाल कण भिंती फाडतात. किडनीला इतके तास सहन झालेली उपासमार नडत नाही तेवढं समोर आलेलं ताट नडतं. नलिकांच्या पेशी सुटून आतच अडकतात, वाट बंद होते. वरून मात्र किडनी गुलाबी, टवटवीत, घट्ट. टाके घालणारे हात थांबतात, सगळे मूत्रनलिकेच्या टोकाकडे बघतात.

अशा बहुतेक किडन्या काही दिवसांनी, काही आठवड्यांनी जाग्या होतात. काही होतच नाहीत. कुठली कुठल्या गटातली, ते त्या रात्री कुणालाच ठाऊक नसतं. सोलापूरला राहिलेल्या जोडीदारणीने कधीच पिशवी भरलेली असते. पुण्यात रुग्णाला खोलीत आणतात, पलंगाला पिशवी अडकवतात. नवीन किडनीची लघवी दर तासाला मोजायची असते, तेवढंच पाणी शिरेतून परत द्यायचं असतं. सिस्टर तक्ता उघडते, तासातासाचे रकाने आधीच आखलेले असतात.

पहिला तास: ० मिलि.
दुसरा तास: ० मिलि.
तिसरा तास: ५ मिलि., लालसर.
चौथा तास: